आधी चुंबक लावून बघा

पाण्या-पावसाच्या मुलखात गाडीच्या जुन्या इंजिनाला ईसीयूवर (इंजिनाच्या संगणकावर) चालणारं इग्निशन बसवायचं, तर क्रँकशाफ्टवरची दातेरी चकती कशाची करावी? गंज नको म्हणून मन आधी स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियमकडे धावतं. माझ्या मते खरी चूक इथेच होते.

शेजारचा सेन्सर या चकतीचे दाते मोजतो आणि गाळलेल्या दात्यांच्या फटीवरून क्रँकची जागा ओळखतो. ६० पैकी २ दाते गाळलेल्या चकतीत दर ६ अंशांना एक दाता येतो. ६,००० आरपीएमला क्रँक एक अंश फिरतो तो सेकंदाच्या छत्तीस हजाराव्या भागात. ठिणगी त्याच हिशेबाने पडायची असते.

नेहमीच्या व्हीआर (व्हेरिएबल रिलक्टन्स) सेन्सरमध्ये लोहचुंबक आणि त्याभोवती तारेची कॉइल असते. लोखंडी दाता समोर आला की चुंबकीय रेषांना सोपी वाट मिळते, गेला की ती बंद होते. हा बदल कॉइलमध्ये वीज निर्माण करतो; फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं तत्त्व ते हेच. ॲल्युमिनियमचा दाता ही वाट देत नाही. ३०४ स्टेनलेसही नाही, कारण निकेलमुळे त्याची घडणच चुंबकाला दाद न देणारी होते. ४३० ग्रेडला मात्र चुंबक चिकटतो. म्हणून पत्रा घेताना खिशात चुंबक ठेवावा आणि तो मधल्या सपाट भागाला लावावा: ३०४ वाकवला की वळणापाशी थोडा चुंबकीय होतो, तिथे फसायला होतं.

साधं माइल्ड स्टील उत्तम. चुंबकत्व धरून ठेवत नाही, लेझरवर सुबक कापलं जातं, आणि गंजाला झिंक प्लेटिंग आहे. वजन कमी हवं तर मधला हब ॲल्युमिनियमचा, दात्यांची कडी स्टीलची. दाते मोजणाऱ्या हॉल सेन्सरलाही लोखंडच लागतं. चकतीतच छोटे चुंबक बसवायचे असतील, तेवढ्यापुरतं ॲल्युमिनियम योग्य.

स्टार्टरवर इंजिन जेमतेम २०० आरपीएमने फिरतं, तेव्हा व्हीआरचा सिग्नल सर्वांत क्षीण असतो. म्हणून चकती बसवल्यावर क्रँक हाताने फिरवत फीलर गेजने दात्यादात्याचं सेन्सरपासूनचं अंतर तपासावं. ते साधारण एक मिलिमीटर असावं आणि पूर्ण फेरीत बदलू नये.