जॅकखालची फळी

गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकेत चाक बदलण्याचं पान उघडलं की पहिलीच सूचना असते: गाडी कठीण आणि सपाट जागेवर उभी करावी. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सिमेंटची जमीन असलेलं गॅरेज असणार. हुलसुरात मृगाचे दोन चांगले पाऊस पडून गेले की सपाट जागा हवी तेवढी सापडते, कठीण मात्र शोधावी लागते. बीदर जिल्ह्याच्या पश्चिम कडेला, महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेला हा मुलूख काळ्या रेगूर मातीचा. सोयाबीन-तुरीला ही माती मानवते, जॅकला नाही.

आता दारोदार जुन्या बाजारातल्या मोटारी आल्या आहेत. बारीकसारीक कामासाठी बसवकल्याण नाहीतर भालकी गाठायची, तिथे अर्धा दिवस घालवायचा, त्यापेक्षा मोबाइलवर व्हिडिओ बघून अंगणातच गाडी उघडलेली काय वाईट? वाईट काहीच नाही. घरी केलेल्या दुरुस्तीला नाक मुरडणाऱ्यांतला मी नाही. पण तो व्हिडिओ ज्या जमिनीवर, ज्या हवेत चित्रित झालेला असतो, ती जमीन आणि ती हवा इथली नसते. घरच्या दुरुस्तीतले बरेचसे अपघात या फरकातून घडतात.

जॅकचाच हिशेब घेऊ. लहान मोटारीचं वजन नऊशे किलोंच्या घरात. पुढचं एक चाक उचलताना जॅकवर त्यातले साधारण २७० किलो येतात. डिकीतल्या कात्रीसारख्या जॅकचा तळ बारा सेंटिमीटर लांब आणि सात रुंद धरला, तर क्षेत्रफळ झालं ८४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे जमिनीच्या दर चौरस सेंटिमीटरवर सव्वातीन किलोंचा भार. ६५ किलोंचा माणूस दोन्ही पायांवर उभा असतो तेव्हा हाच आकडा पाव किलोच्याही आत राहतो. ज्या मातीत नुसत्या चालण्यानं चप्पल रुतते, तिच्यावर आपण माणसाच्या पावलाच्या चौदापट दाब देऊन गाडी उचलू पाहतो.

बरं, जॅक सरळ खाली गेला तर फारसं बिघडत नाही, गाडी थोडी खाली येते एवढंच. घात होतो तो एका कडेनं रुतल्यावर. तळाची एक कड फक्त एक सेंटिमीटर खाली गेली, तर सात सेंटिमीटर रुंदीत एकाचा उतार पडतो. जॅक पस्तीस सेंटिमीटर वर चढवलेला असेल, तर त्याचं डोकं पाच सेंटिमीटर बाजूला सरकतं. तळाच्या मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर मात्र साडेतीनच. भाराची रेषा तळाबाहेर गेली की जॅक उभा राहूच शकत नाही, मग तो कितीही चांगल्या कंपनीचा असो. एक सेंटिमीटर म्हणजे करंगळीच्या नखाएवढं. तेवढं रुतलेलं गाडीखाली आडव्या झालेल्या माणसाला दिसतही नाही.

रेगूर मातीची आणखी एक खोड आहे. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांसारखे असतात. या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की माती फुगते, निघून गेलं की आकसून तिला भेगा पडतात. उघडीप मिळाली की वरचा थर दोन दिवसांत वाळून टणक होतो, खाली वीतभर ओल तशीच असते. त्यामुळे पायानं दाबून पाहणं ही काही परीक्षा नव्हे. त्यापेक्षा जॅकखाली एक फूट लांब, एक फूट रुंद आणि दोन इंच जाड अशी फळी टाकावी. भार नऊशे चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दर चौरस सेंटिमीटरला तीनशे ग्रॅमवर येतो, माणसाच्या पावलाच्या जवळपास. फळी पातळ असेल तर ती मध्ये वाकते आणि सगळा भार पुन्हा जॅकच्या तळाखालीच गोळा होतो. बाभळीचं जुनं लाकूड यासाठी उत्तम.

लाकूडच का? वीट, जांभ्याचा चिरा का नाही? लाकूड मोडण्याआधी करकरतं, दबतं, सावध होण्याइतका वेळ देतं. वीट आणि दगड भार सोसतात, सोसतात आणि एका क्षणी दोन तुकडे होतात. शहाबादी फरशीचंही तेच. ही फरशी शेजारच्या कलबुर्गी जिल्ह्यातल्या शहाबादची, या भागात घरोघरी अंथरलेली. चुनखडकाचा हा दगड दाबायला पक्का पण वाकायला कच्चा. खाली मुरूम नीट बसला नसेल तर फरशीखाली पोकळी राहते. वरून भार आला की तिची खालची बाजू ताणली जाते आणि ताणाला दगड टिकत नाही. फरशीवर जॅक लावण्याआधी हातोडीनं ठोकून पाहावं. बद्द आवाज आला तर जागा बदलावी, नाहीतर तीच फळी मध्ये घ्यावी.

आणि गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर नाहीच. त्याचं काम उचलण्यापुरतं. खाली लोखंडी स्टँड हवेत, आणि तेही फळीवर. स्टँड नसतील तर निदान काढलेलं चाक किंवा स्टेपनी तरी गाडीच्या कडेखाली सरकवावी आणि अंग बाहेरच ठेवावं. जमिनीवर असलेल्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड हवेत. नुसत्या गिअरवर विसंबू नये. जीप, सुमो, जुनी ओम्नी या गाड्यांत इंजिनाची ताकद मागच्या चाकांना जाते. त्यांचं मागचं एक चाक हवेत गेलं की डिफरन्शिअलमुळे ते मोकळं फिरू लागतं, आणि गिअरमध्ये टाकलेली गाडी गिअरच्या बळावर जागेवर राहत नाही.

शेतातल्या इंजिनाला हँडल मारून हयात घालवलेल्या माणसांना असल्या गोष्टी सांगाव्या लागत नसत. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही पुण्याची कंपनी १९४६ सालची. तिथून पुढे तशी इंजिनं विहिरी-विहिरींवर बसली आणि हँडल कसं धरायचं हे बापानं पोराला दाखवलं: अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, दांड्याला विळखा घालायचा नाही. दट्ट्या वर पोचण्याआधीच इंधन पेटलं तर हँडल उलटं फिरतं. अंगठा विळख्यात अडकलेला असेल तर मनगट गेलंच. मोटारींच्या सुरुवातीच्या काळात असे इतके हात मोडले, की मनगटाजवळच्या एका विशिष्ट अस्थिभंगाला डॉक्टर आजही ‘शोफर फ्रॅक्चर’ म्हणतात. अमेरिकेत १९१२च्या कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंग यांचा विजेवर चालणारा स्टार्टर आला आणि मोटारींपुरती ती दुखणी हळूहळू संपली. हँडलची शिस्त घरातल्या घरात पुढे गेली. जुन्या बाजारातून आलेल्या मोटारीसोबत अशी शिस्त शिकवणारं कुणी घरात आलं नाही.

रेडिएटरकडे वळू. उन्हाळ्यात घाट चढून आलेली गाडी तापते, बॉनेटमधून वाफ येते आणि मालक फडकं घेऊन झाकण फिरवतो. हा बहुधा सगळ्यांत जास्त वेळा घडणारा अपघात, आणि त्यातलं विज्ञान घरच्या कुकरचंच आहे. बीदरचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच. दर तीनशे मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एका अंशानं उतरतो, तेव्हा इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांनाच उकळतं. रेडिएटरच्या झाकणावर ०.९ असा आकडा छापलेला असेल, तर बाहेरच्या हवेपेक्षा तेवढा जास्त दाब ते आत धरून ठेवतं. त्या दाबाखाली साधं पाणी ११८ अंशांपर्यंत न उकळता राहतं. झाकण उघडलं की दाब एकदम जातो आणि ११८ अंशांच्या पाण्याला ९८वर यावंच लागतं. ही वीस अंशांची उष्णता पाण्याचा काही भाग वाफ करण्यात खर्च होते.

किती भाग? जेमतेम पावणेचार टक्के. चार लिटर पाणी असेल तर दीडशे ग्रॅम. ऐकायला किरकोळ वाटतं, पण दीडशे ग्रॅम पाण्याची वाफ अडीचशे लिटरांहून अधिक जागा मागते. ती जागा रेडिएटरात नाही, म्हणून उरलेलं उकळतं पाणी पुढे ढकलत ती तोंडावाटे कारंज्यासारखी बाहेर पडते. आणि त्या तोंडावर झुकलेला असतो आपला चेहरा. शिवाय वाफ कातडीवर पडून पुन्हा पाणी होते तेव्हा स्वतःत साठवलेली उष्णता तिथेच सोडते, म्हणून वाफेचा चटका पाण्याच्या चटक्याहून खोल जातो. वरचा जाड रबरी पाइप कापडातून दाबून पाहावा. तो टणक लागला तर आत दाब आहे. मऊ आणि कोमट होईपर्यंत झाकणाला हात लावू नये, मग तास लागो. तापलेल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतणंही नको, हेडला तडा जाऊ शकतो. भाजलंच तर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी. हळद, शाई, टूथपेस्ट यांतलं काही नाही.

आणखी एक. इंजिन बंद केल्यावरही काही गाड्यांचा विजेचा पंखा आपोआप सुरू होतो. बोटं आत घालणाऱ्यांनी हे आधी माहीत करून घ्यावं.

हवेचा फरक सगळ्यांत जास्त जाणवतो तो डिझेलमध्ये. ‘डिझेल काय, काडी टाकली तरी पेटत नाही’ असं छातीठोकपणे सांगणारे लोक गावोगाव भेटतात. युरोपात ते बऱ्याच अंशी खरं ठरेल. तिथल्या मानकानुसार डिझेलचा ज्वलनांक, म्हणजे ठिणगी लागताच पेटेल एवढी वाफ ज्या तापमानाला सुटू लागते ते तापमान, ५५ अंशांच्या वर असावं लागतं. भारतीय मानकातली किमान मर्यादा आहे ३५ अंश. एप्रिल-मेमध्ये या भागात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. उन्हात ठेवलेल्या पातेल्यात डिझेल घेऊन नट-बोल्ट धुवायला बसलेला माणूस विडी पेटवतो, तेव्हा थंड देशातल्या माणसाला लागू पडणारा दिलासा त्याला लागू पडत नाही.

पेट्रोलला तर हंगामाची गरजच नाही, त्याचा ज्वलनांक शून्याखाली चाळीस अंशांच्या आसपास आहे. त्याची वाफ हवेपेक्षा तीन-चार पट जड, म्हणून ती वर उडून जात नाही. जमिनीलगत सरपटत उतारानं जाते आणि खड्ड्यात साचते. आपल्याकडे अंगणाच्या कोपऱ्यात पाणी तापवायचा बंब असतो, नाहीतर चूल. इथे कार्ब्युरेटर उघडलेला आणि पाच-सात पावलांवर बंब धगधगतोय, हे दृश्य दुर्मीळ नाही. आग वाफेच्या वाटेनं मागे येते, तेव्हा ती कुठून आली हे कुणाला कळतही नाही.

नळी तोंडात धरून पेट्रोल ओढण्याबद्दल तर वेगळंच बोलायला हवं. घशात गेलेलं पेट्रोल वाईट खरं, पण खरा धोका फुप्फुसांत उतरलेल्या चमचाभराचा. पेट्रोल पाण्याहून पातळ. ते श्वासनलिकेतून झटकन पसरतं आणि फुप्फुसाच्या आतल्या नाजूक अस्तराला सूज आणतं. त्यातून होणारा न्यूमोनिया जीव घेऊ शकतो. अशा माणसाला मीठ-पाणी पाजून उलटी काढायला लावू नये, कारण बाहेर पडताना तेच पेट्रोल पुन्हा श्वासनलिकेत शिरतं. सरळ दवाखान्यात न्यावं. हातानं दाबायचा फुग्याचा पंप फार महाग नसतो.

बॅटरीचं थोडक्यात सांगतो. बारा व्होल्टचा झटका बसत नाही, म्हणून लोक तिला गरीब समजतात. पण पाना एका टोकानं ‘प्लस’ला आणि दुसऱ्यानं बॉडीला टेकला, तर त्यातून कित्येक शे अँपिअर वाहतात. मध्ये अंगठी किंवा कडं सापडलं तर ते क्षणात तापून बोटाला भाजतं. म्हणून काढताना आधी ‘मायनस’ काढायचा आणि जोडताना तो शेवटी जोडायचा. ‘मायनस’ सुटला की पाना बॉडीला लागला तरी वर्तुळ पूर्ण होत नाही. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन सुटतो आणि हवेत तो चार टक्के झाला तरी पेटू शकतो. दुसऱ्या गाडीवरून करंट घेताना शेवटची पकड बॅटरीवर न लावता दूर इंजिनाच्या लोखंडाला लावतात, ती यासाठी.

परदेशी पुस्तिका ज्याची सगळ्यांत जास्त भीती घालतात, तो कार्बन मोनॉक्साइड आपल्या उघड्या अंगणात तितका छळत नाही. अपवाद शटरच्या गाळ्यांचा. पावसात शटर निम्मं ओढून आत इंजिन चालू ठेवणारे पुष्कळ आहेत. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. त्याला वासही नाही. डोकं जड झालं तर आधी बाहेर यावं, कारण मागाहून शोधावं.

राहिलं जळकं ऑइल. ते गोठ्याच्या खांबांना वाळवीसाठी फासतात, उरलेलं बांधावर ओततात. उन्हाळ्यात रेगूर मातीच्या भेगा हातभर खोल जातात, आणि ओतलेलं ऑइल त्यांच्यातून पाण्याच्या वाटेला लागतं. बीदर शहराजवळ नौबादला बहमनी काळातली सुरंग बावी आहे, जांभ्याच्या खडकातून झिरपलेलं पाणी बोगद्यांतून आणणारी. त्या कारागिरांना या मुलखातली जमीन वरचं खाली कसं नेते हे पक्कं ठाऊक होतं. सरकारच्या २०१६च्या नियमांत वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. गॅरेजवाले ते पिंपात साठवून विकतात, घरचं नेऊन दिलं तरी घेतात. न्यायचं तर ज्या कॅनमधून नवं ऑइल आलं त्याच कॅनमध्ये भरून न्यावं. थंड पेयाच्या बाटलीत ऑइल, ॲसिड किंवा कूलंट कधीही भरू नये. कूलंट चवीला गोड असतं, रंगानं हिरवं नाहीतर गुलाबी. तहानलेल्या पोराला बाटलीवरचं चित्र दिसतं, आतलं काय ते कळत नाही.