पडायला शिकवणारी माणसं

5 सप्टेंबर 2024. आपल्याकडे शाळाशाळांतून शिक्षकदिनाची भाषणं चालू होती आणि त्याच दिवशी पॅरिसच्या पॅरालिम्पिकमध्ये मध्य प्रदेशातल्या कपिल परमारने ब्राझीलच्या एलिएल्टन डी ऑलिव्हेराला अवघ्या 33 सेकंदांत चीत केलं. दृष्टिहीनांचा ज्युदो, 60 किलो वजनी गट, कांस्यपदक. ऑलिम्पिक असो की पॅरालिम्पिक, ज्युदोत भारताच्या नावावर लागलेलं हे पहिलंच पदक. वर्तमानपत्रांनी त्याच्या चहाच्या टपरीची गोष्ट छापली, अभिनंदनाचे संदेश आले, चार दिवसांनी विषय मागे पडला. हा मुलगा ज्या वाटेने तिथवर पोचला ती वाट कुणी आणि कशी पाडली, याबद्दल मात्र फार थोडं लिहिलं गेलं. गेल्या पंचवीसेक वर्षांत जगात ठिकठिकाणी काही माणसांनी गरीब वस्तीतल्या, अपंग, दुर्लक्षित मुलांना हाताशी धरून मॅटवर आणलं. त्या कामाकडे आता सलग पाहायला हवं.

ज्युदोचा उगमच मुळी मार खाणाऱ्या एका मुलापासून आहे. जिगोरो कानो अंगाने किरकोळ होते आणि शाळेतली दांडगी मुलं त्यांना छळायची. त्यापायी त्यांनी जुजुत्सूचे गुरू शोधले, आणि पुढे 1882 साली तोक्योतल्या एइशोजी मंदिरात कोदोकान ही स्वतःची शाळा काढली. कानो पेशाने शिक्षक होते, शिक्षक घडवणाऱ्या विद्यालयाचे अनेक वर्षं प्राचार्य होते. त्यामुळे त्यांच्या विद्येत शिकवण्याचा क्रम फार विचाराने लावलेला आहे. समोरच्याला पाडण्याआधी स्वतः पडायला शिकायचं. याला उकेमी म्हणतात. हनुवटी छातीला लावायची, पाठ गोल करायची, आणि अंग मॅटला लागतं न लागतं तोच पसरलेल्या हाताने सपकन थाप मारायची. डोकं वाचतं, धक्का हातावाटे निघून जातो. नवीन मुलाकडून सुरुवातीला हेच पुन्हा पुन्हा करून घेतात; आधी बसून, मग उकिडवं, मग उभ्याने. ज्या मुलाने आजवर पडणं म्हणजे फक्त मार, हसं आणि अपमान असंच पाहिलं, त्याला इथे पहिल्यांदा पडल्याबद्दल शाबासकी मिळते. माझ्या मते या सगळ्या कामाचं मर्म इथेच आहे.

रवींद्रनाथांना याची किंमत फार लवकर कळली होती. 1929 साली त्यांनी शिंझो ताकागाकी या ज्युदो शिक्षकाला जपानहून शांतिनिकेतनात आणलं आणि मुलांच्या बरोबरीने मुलींनाही मॅटवर उतरवलं. शिक्षक गेले आणि ते काम तिथे रुजायच्या आतच थांबलं. शिक्षक किती दिवस थांबतो हा प्रश्न पुढेही प्रत्येक ठिकाणी येतो.

ब्राझीलमध्ये शिक्षक टिकून राहिले. कोदोकानचा मित्सुयो माएदा 1914 साली ब्राझीलला पोचला, मागोमाग जपानी स्थलांतरितांनी ज्युदो गावोगाव नेला. पण रिओच्या झोपडवस्त्यांत तो नेटाने नेला फ्लाव्हियो कान्तो आणि जेराल्डो बेर्नार्डेस या दोघांनी. बेर्नार्डेस राष्ट्रीय संघाचे जुने प्रशिक्षक, कान्तो त्या वेळी स्वतः खेळत होता. 2003 साली कान्तोने 'इन्स्टिट्यूटो रेआसाओ' ही संस्था उभी केली आणि पुढच्याच वर्षी अथेन्स ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवलं. पदकानंतर वस्तीतलं काम सोडून देणं सोपं होतं. त्याने ते वाढवलं. ज्युदोच्या जोडीने अभ्यासाचे वर्ग आले, एका वस्तीतून काम दुसऱ्या वस्तीत गेलं.

याच काळात 'सिदाजी दे देउस' या वस्तीतली राफाएला सिल्व्हा नावाची मुलगी बेर्नार्डेस यांच्याकडे आली. 2002 सालच्या एका चित्रपटामुळे या वस्तीचं नाव जगभर झालं, ते तिथल्या टोळ्या आणि गोळीबारासाठी. गल्लीत मुलांशी मारामाऱ्या करणारी ही पोर आणि तिची थोरली बहीण राकेल, दोघींना आईवडिलांनी ज्युदोला घातलं ते रस्त्यापासून दूर राहाव्यात म्हणून. बेर्नार्डेस यांनी तिच्यातला राग ओळखला. तो दाबून टाकायच्या फंदात ते पडले नाहीत. त्याला त्यांनी नियम दिले, वेळ दिली, आणि समोर तेवढ्याच ताकदीचा जोडीदार दिला.

2012 साली लंडन ऑलिम्पिकमध्ये राफाएलाने हंगेरीच्या खेळाडूचा पाय नियमाबाहेर धरला आणि तिला बाद ठरवण्यात आलं. त्यानंतर समाजमाध्यमांवर तिच्या रंगावरून जे लिहिलं गेलं ते इथे पुन्हा लिहिण्याच्या लायकीचं नाही. वीस वर्षांची मुलगी खेळ सोडायला निघाली. या महिन्यांत तिचे गुरू आणि मनाला उभारी देणाऱ्या सल्लागार तिच्या पाठीशी उभे राहिले, तिला पुन्हा मॅटवर आणलं. 2013 साली रिओतच ती जगज्जेती झाली, हा मान मिळवणारी ब्राझीलची पहिली महिला ज्युदोपटू. 8 ऑगस्ट 2016 रोजी तिने मंगोलियाच्या सुमिया दोर्जसुरेनला हरवून ऑलिम्पिक सुवर्ण घेतलं. त्या स्पर्धेतलं यजमान ब्राझीलचं ते पहिलं सुवर्ण, आणि ते मिळालं तिच्या वस्तीपासून काही किलोमीटरवरच्या सभागृहात.

गोष्ट इथे थांबवली तर ती परीकथा होते, आणि अशा कामांचं नुकसान परीकथांनीच जास्त केलंय. 2019 साली राफाएला उत्तेजक चाचणीत दोषी ठरली, दोन वर्षांची बंदी आली, तोक्यो ऑलिम्पिक हुकलं. तिने आपली बाजू मांडली, लवादाने ती मान्य केली नाही. बंदी संपल्यावर ती परतली, 2022 साली ताश्कंदला पुन्हा जगज्जेती झाली, आणि 2024 मध्ये पॅरिसला मिश्र सांघिक कांस्यपदकासाठी इटलीविरुद्धची निर्णायक लढत तिनेच जिंकून दिली. बारा वर्षांत इतके चढउतार पाहिलेल्या मुलीच्या मागे लहानपणापासूनची तालीम आणि ओळखीची माणसं नसती तर ती कुठे असती, हा विचार मला अस्वस्थ करतो.

त्याच बेर्नार्डेस यांनी पोपोले मिसेंगा आणि योलांद माबिका या काँगोच्या दोघांना घडवलं. 2013 च्या जागतिक स्पर्धेसाठी दोघं रिओला आले होते. तिथेच त्यांनी आश्रय मागितला. 2016 मध्ये दोघंही ऑलिम्पिकच्या पहिल्यावहिल्या निर्वासित संघातून उतरले. मिसेंगाने पहिली लढत जिंकली ती आपल्या अवतार सिंगविरुद्ध. भारतीय म्हणून त्या दिवशी वाईट वाटलं असेल, पण त्या विजयाचा हेवा करावा असं मला वाटत नाही.

कुठलीही मारामारीची विद्या शिकवली की मूल सुधारतं, असा समज आपल्याकडे घट्ट आहे. तो चुकीचा आहे. 1986 साली अमेरिकेत मायकेल ट्रुलसन यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. गुन्ह्यांच्या वाटेला लागलेली 13 ते 17 वयाची 34 मुलं, तीन गट, सहा महिने. एका गटाला तायक्वांदो त्याच्या जुन्या शिस्तीसकट शिकवलं: ध्यान, गुरूचा मान, ठरलेले हालचालींचे क्रम, संयमावर बोलणं. दुसऱ्या गटाला फक्त लढण्याचं तंत्र दिलं. तिसरा गट धावणं आणि बास्केटबॉल असले खेळ खेळला. पहिल्या गटातली आक्रमकता उतरली. दुसऱ्या गटातली मुलं आधीपेक्षा जास्त बिघडली. प्रयोग लहान होता, पण मॅटवर काम करणाऱ्या जाणत्या शिक्षकांना त्यात नवल वाटणार नाही. लाथ तीच असते; ती कोण शिकवतो आणि लाथेच्या आधी-नंतर काय बोलतो, यावर सगळं ठरतं. इराणमध्ये 2012 साली ऑटिझम असलेल्या मुलांना 14 आठवडे कराटेचे काता, म्हणजे ठरलेले हालचालींचे क्रम, शिकवले गेले, तेव्हा त्यांच्या त्याच त्या पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली बऱ्याच कमी झालेल्या दिसल्या. तिथेही ठरलेला क्रम, ठरलेली वेळ आणि कंटाळा न करणारा शिक्षक हे तिन्ही होते.

आता आपल्या देशाकडे येऊ; त्यासाठी आधी अंध ज्युदो समजून घ्यायला हवा. पुरुषांचा अंध ज्युदो पॅरालिम्पिकमध्ये 1988 साली सोलला आला, महिलांचा 2004 साली अथेन्सला. नियमांत एकच मोठा फरक आहे, आणि तो पाहण्यासारखा आहे. डोळसांच्या लढतीत निम्मी झुंज पकड मिळवण्यासाठीच चालते. इथे दोघांना मध्यावर आणून समोरासमोर उभं करतात, एकमेकांची बाही आणि कॉलर हातात देतात, आणि मग पंच 'हाजिमे', म्हणजे 'सुरू करा', म्हणतात. हात सुटले, संपर्क तुटला, की 'माते', म्हणजे 'थांबा'. पुन्हा मध्यावर, पुन्हा पकड. समोरच्याचा तोल कुठे गेला, वजन कुठल्या पायावर आलं, हे सगळं कापडातून बोटांना कळतं. डोळ्यांवाचून खेळता येईल असा खेळ शोधायला बसलं तर याहून बरा मिळणं कठीण. 2022 पासून पूर्ण अंधांचा आणि अंधुक दिसणाऱ्यांचा गट वेगळा केला, तोही न्याय्य निर्णय होता.

मध्य प्रदेशात हे काम वाढलं ते पदकांसाठी नव्हे. खेड्यापाड्यांतल्या अंध मुलींना रस्त्यावर, शेतात, कधी घरातही जो त्रास होतो त्यातून वाट काढायला 'साइटसेव्हर्स' या संस्थेने आणि तिच्या बरोबरच्या स्थानिक संस्थांनी गेल्या दशकात ज्युदोचे वर्ग सुरू केले. जबलपूर जिल्ह्यातली जानकी गौड त्यातलीच. गोवराने पाचव्या वर्षी दृष्टी गेली, घरची गरिबी. 2017 साली तिने ताश्कंदच्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक आणलं. पण मला त्या पदकाइतकीच महत्त्वाची वाटते ती त्याआधीची पायरी: जी मुलगी एकटी घराबाहेर पडत नव्हती ती सरावाला जाऊ लागली, आणि गावाला तिची सवय झाली.

कपिल परमार सिहोर जिल्ह्यातला. लहानपणी शेतात पाण्याच्या पंपाला हात लागून विजेचा जबर धक्का बसला, तो सहा महिने कोमात होता, आणि नंतर नजर हळूहळू गेली. वडील टॅक्सी चालवायचे. भोपाळच्या प्रशिक्षकांनी त्याला अंध ज्युदोची ओळख करून दिली, पुढे लखनौला तयारी झाली. 2019 ला राष्ट्रकुल ज्युदो स्पर्धेत सुवर्ण, हांगझोच्या आशियाई पॅरा स्पर्धेत रौप्य, मग पॅरिस. त्या दिवशी उपांत्य फेरीत तो इराणच्या खेळाडूकडून हरला होता, आणि थोड्याच वेळाने कांस्यपदकाच्या लढतीला उभा राहिला. हरल्यावर लगेच उठून उभं राहण्याची ही सवय वर्षानुवर्षांच्या सरावातूनच येते.

मराठी वाचकाला हे सगळं परकं वाटू नये. दादरच्या शिवाजी पार्कातल्या श्री समर्थ व्यायाम मंदिरात उदय देशपांडे यांनी पैलवानांचा मल्लखांब आपल्या डोळ्यांसमोर दिव्यांग, अनाथ आणि आदिवासी मुलांपर्यंत नेला. 2024 साली त्यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा त्यांच्या कामाच्या नोंदीत या मुलांचाही उल्लेख होता. दोरीच्या मल्लखांबात अंगाचा दोरीशी संबंध सुटत नाही, म्हणून दिसत नसलेलं मूलही त्यावर निर्धास्त चढू शकतं. म्हणजे आपल्याकडे विद्या आहे, शिकवणारे आहेत, वाटही पाडून ठेवलेली आहे.

काय चुकतं तेही स्पष्ट बोलायला हवं. विशेष शाळांत दोन दिवसांची स्वसंरक्षण शिबिरं होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, फोटो निघतात. दोन दिवसांत उकेमीसुद्धा अंगात मुरत नाही. नुसते चार डाव दाखवून मुलीला आता ती सुरक्षित आहे असं सांगणं धोक्याचं आहे. साध्या शाळेत दिव्यांग मूल असेल तर पी.टी.च्या तासाला त्याला अजूनही बाकावर बसवतात, ते काळजीपोटी असेल, पण त्याचा परिणाम वाईटच होतो. आणि एक गोष्ट पालकांसाठी: या सगळ्या विद्यांमध्ये अंगाला हात लावूनच शिकवावं लागतं. चांगला शिक्षक अंध मुलाला आधी सांगतो, विचारतो, मग हात लावतो. पवित्रा दाखवायचा तर स्वतःचा खांदा, कंबर त्या मुलाला चाचपू देतो. असा वर्ग पालकांना बसून बघू द्यायला नकार देत असेल तर तिथे मूल घालू नका.

तुमच्या गावात ज्युदोचा, कराटेचा किंवा मल्लखांबाचा वर्ग असेल तर तिथल्या शिक्षकांना एकदा भेटा. जवळच्या अंधशाळेतली, मतिमंदांच्या शाळेतली किंवा वस्तीतली चार-पाच मुलं आठवड्यातून दोनदा, निदान तीन वर्षं शिकवाल का, असं विचारा. मॅटसाठी वर्गणी लागेल, मुलींच्या वर्गाला एखादी मदतनीस लागेल. आणि या मुलांना वेळेवर आणून सोडायची जबाबदारी आपल्यापैकी कुणीतरी आधीच अंगावर घ्या, कारण पुष्कळ मुलांचं येणं तिथेच थांबतं.