अनिष्टाचा प्रश्न : कॅथलिक तत्त्वचिंतन आणि मराठी शब्द

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 रोजी ख्रिस्तीतर धर्मांविषयी जे निवेदन प्रसृत केले, त्याच्या आरंभीच मनुष्यमात्राला पडणाऱ्या चिरंतन प्रश्नांची एक मालिका येते. माणूस म्हणजे काय, जीवनाचे प्रयोजन कोणते, पाप म्हणजे काय, दुःख कोठून येते व कशासाठी, मरणानंतर काय, असे ते प्रश्न. निरनिराळ्या धर्मांकडे माणसे याच प्रश्नांची उत्तरे मागण्यासाठी जातात, असे परिषदेचे म्हणणे आहे. प्रश्न समान आहेत, हे गृहीत धरायला सोपे असले तरी भाषांतर करणाऱ्याच्या अनुभवाशी ते पुरतेपणी जुळत नाही. पुष्कळदा प्रश्नच शब्दाबरोबर पालटतो. दुःखाच्या प्रश्नाच्या बाबतीत तर हे फार ठळकपणे दिसते.

तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने आपला ‘सुम्मा थिओलोजिए’ हा ग्रंथ ज्या पद्धतीने रचला, ती भारतीय शास्त्रग्रंथांच्या वाचकाला परकी वाटू नये. प्रत्येक प्रकरणात आधी प्रतिपक्षाचे आक्षेप, मग त्यांच्या उलट एखादे आधारवचन, मग स्वतःचे उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन असा हा क्रम आहे. विषय, संशय, पूर्वपक्ष व सिद्धान्त या मीमांसकांच्या अधिकरणरचनेशी त्याचे साम्य उघड आहे. ईश्वराच्या अस्तित्वाची चर्चा करताना अक्वायनसने सर्वप्रथम मांडलेला पूर्वपक्ष अनिष्टाचाच आहे : ईश्वर जर अनंत मंगल असेल, तर त्याच्या विरुद्धाला जागाच उरू नये, परंतु जगात अनिष्ट आढळते, म्हणून ईश्वर नाही. इतक्या थोडक्यात आणि इतक्या निर्भयपणे हा आक्षेप मांडणारे नास्तिकही थोडेच असतील. उत्तरादाखल तो ऑगस्टीनचा आधार घेतो : अनिष्टातूनही इष्ट निर्माण करण्याचे सामर्थ्य नसते, तर ईश्वराने अनिष्टाला वावच दिला नसता.

ऑगस्टीनला (354–430) हे उत्तर पुस्तकातून सापडले नव्हते. सुमारे नऊ वर्षे तो मॅनिकी पंथाचा अनुयायी होता. प्रकाश आणि अंधार ही दोन स्वतंत्र तत्त्वे मानणाऱ्या त्या पंथात अनिष्टाचा उलगडा फार सोपा होता. तो सोडताना ऑगस्टीनने जो सिद्धान्त स्वीकारला, तो असा : अनिष्ट हे द्रव्य नव्हे, ते असलेपणातील न्यूनत्व आहे. जे जे आहे ते ईश्वरनिर्मित आणि म्हणून चांगलेच आहे. अनिष्ट म्हणजे त्या चांगलेपणाचा लोप. अक्वायनसने यात महत्त्वाची भर घातली. दगडाला दृष्टी नसते, म्हणून दगडाचे काही बिघडत नाही. डोळ्याला दृष्टी नसणे हे मात्र अनिष्ट होय, कारण पाहणे हा डोळ्याचा स्वभाव आहे. म्हणजे नुसते नसणे अनिष्ट नाही. असावयास हवे त्याचे नसणे अनिष्ट आहे.

हे मराठीत मांडताना ‘अभाव’ हा शब्द सहज पुढे येतो. पण तोच अडचणीचा आहे. वैशेषिकांनी अभाव हा पदार्थच मानला, त्याचे प्रागभावादी प्रकारही पाडले. त्या अभावाला चांगल्यावाइटाशी कर्तव्य नाही. जमिनीवर घट नाही, एवढेच तो सांगतो. अक्वायनसच्या अर्थाच्या अधिक जवळ जाणारा शब्द शास्त्रात नसून घरात आहे. तो शब्द म्हणजे ‘उणीव’. मराठी माणूस ‘घटाची उणीव’ म्हणतो तेव्हा घट तेथे असायला हवा होता, हे त्यात आपोआप येते. परिभाषा घडविणाऱ्यांची दृष्टी बहुधा संस्कृताकडे लागलेली असते. हा शब्द त्यांना पुरेसा भारदस्त वाटत नसावा. वस्तुतः सगळा सिद्धान्त त्यात सामावलेला आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. लॅटिन ‘मालुम’ या एका शब्दात पापही येते आणि आजार, अपघात, मरणही येते. मराठीत पाप, दुष्टता, अनिष्ट, अरिष्ट, दुःख हे शब्द वेगळे आहेत. शिवाय भारतीय दर्शनांचा प्रारंभ बहुधा दुःखनिवृत्तीच्या इच्छेतून होतो. सांख्यकारिका तर त्रिविध दुःखापासूनच सुरू होते. तेथील मुख्य जिज्ञासा दुःख कसे सरेल ही आहे. ईश्वराने ते का चालू दिले, ही नव्हे. तथापि हा दुसरा प्रश्न येथे विचारलाच गेला नाही असे म्हणणे चुकीचे ठरेल. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात ईश्वरावर पक्षपात आणि निर्दयता यांचा आरोप येतो आणि प्राण्यांच्या कर्माला अनुसरून सृष्टी होते, असे त्याचे उत्तर दिले जाते. मग पहिले कर्म कोठून आले, अशी शंका निघते. संसार अनादी आहे, हे तिचे समाधान.

कॅथलिक विचाराला हे समाधान उपलब्ध नाही. सृष्टी ईश्वराने शून्यातून निर्मिली, जन्म एकच, आणि प्रत्येक जीव नव्याने घडविला जातो, असे मानल्यावर जन्मतः आंधळ्या बालकाचे दुःख त्याच्याच मागील खात्यावर टाकता येत नाही. आदिपापाचा सिद्धान्त मानवजातीची सामान्य दशा सांगतो. या बालकाच्या वाट्याला हेच का आले, हे तो सांगत नाही. म्हणून परंपरा अखेरीस युक्तिवादाकडून क्रुसाकडे वळते. दुसऱ्या जॉन पॉल पोपने 1984 च्या फेब्रुवारीत दुःखाच्या अर्थावर लिहिलेल्या पत्रात चांगल्या शोमरोनीची कथा यासाठीच येते. तेथे जखमी माणसाच्या दुःखाचे कारण कोणी शोधत बसत नाही. कोण थांबला, एवढेच विचारले जाते. तर्कदृष्ट्या हे उत्तर अपुरे आहे, हे मान्य करावे लागते. परंतु कर्मसिद्धान्ताच्या उत्तराने शोक करणाऱ्याचे किती समाधान होते, हाही प्रश्न आहेच.

‘आत्मा’ या शब्दाची गत अशीच. ‘व्यक्ती’ या शब्दाची त्याहून बिकट. ईश्वर ‘व्यक्ती’ आहे असे म्हणताच मराठी कानाला ‘व्यक्त’, म्हणजे मर्यादित, असे काही ऐकू येते. अव्यक्ताला व्यक्तीत आलेला समजणाऱ्यांना गीतेने सातव्या अध्यायात बुद्धिहीन ठरविले आहे. पुण्यात दीर्घकाळ अध्यापन करणारे बेल्जियन जेझुइट रिचर्ड दे स्मेत (1916–1997) यांनी याच गाठीवर काम केले. ख्रिस्ती परंपरेतील मूळ संकल्पनेत मर्यादा अभिप्रेत नाही, म्हणून शंकराचार्यांचे निर्गुण ब्रह्म व्यक्तित्वशून्य ठरविणे युक्त नाही, असा त्यांचा पक्ष होता. दे. द. वाडेकरांनी संपादिलेल्या ‘मराठी तत्त्वज्ञान महाकोशा’साठीही (1974) त्यांनी लेखन केले.

या सर्व शब्दचर्चेच्या साडेतीनशे वर्षे आधी साष्टीत एका इंग्रज जेझुइटाने वेगळी वाट धरली होती. थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यास आला. 1560 पासून तेथे इन्क्विझिशन होते. साष्टीतील देवळे पाडली गेली होती. जुने ग्रंथ वाचण्यास नवख्रिस्त्यांना बंदी होती. स्टीफन्सच्या ‘ख्रिस्तपुराणा’त आरंभीच एक श्रोता विचारतो की, आमची पुराणे तुम्ही बंद केलीत, तर मग त्यांच्या जागी दुसरे एखादे का देत नाही? विनंतीच्या रूपातील हा पूर्वपक्ष आहे, आणि ग्रंथकाराने तो लपविला नाही, हे त्याचे मोठेपण. सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण 1616 मध्ये राशोल येथे रोमन लिपीत छापले गेले. त्यात स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटले आहे. मुक्ती, पाप, पुण्य हे शब्दही निःसंकोच येतात, तर संस्कारविधींची कित्येक नावे पोर्तुगीजच राहतात. अनिष्ट कोठून आले, हे येथे व्याख्येने सिद्ध होत नाही. देवदूतांचा अधःपात आणि आदाम-एवेची कथा ओवीतून सांगितली जाते. वैकुंठ म्हटल्यावर श्रोत्याच्या मनात नेमके काय उभे राहत असेल, याची जोखीम स्टीफन्सने पत्करली.

1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषांच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. पुराणाच्या 1616, 1649 व 1654 या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. गोवा सोडून दक्षिणेस गेलेल्या कुटुंबांनी ते हाताने उतरवून घेतले, उपवासकाळात वाचले, आणि अशा हस्तलिखितांवरूनच 1907 साली मंगळूर येथे जे. एल. सालदान्हा यांना ते पुन्हा छापता आले.