नालेच्या आकाराचा पिवळा दिवा

डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही नागपूरहून शिर्डीला निघालो होतो. हिंगणा ओलांडून समृद्धी महामार्गाला लागायच्या आतच डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. घोड्याच्या नालेसारखं चित्र आणि मधोमध उद्गारचिन्ह. "दोन दिवस झाले, रोज सकाळी लागतो आणि दुपारी आपोआप जातो. सेन्सर बिघडलाय," दादा म्हणाला.

सेन्सर ठणठणीत होता. तापमान साधारण साडेपाच अंशांनी उतरलं की टायरमधला दाब जवळजवळ 1 पीएसआयने उतरतो. नागपुरात हिवाळ्यात पहाटे 10-12 अंश आणि दुपारी 28-30. म्हणजे गाडी जागेवर उभी असली तरी 3 पीएसआयचा फरक पडतो. चालून टायर तापला की आकडा आणखी चढतो. हवा मुळातच कमी असते, ऊन तेवढं ते झाकतं. म्हणून हवा तपासायची ती थंड टायरची. उन्हाळ्यात आकडा चढतो म्हणून हवा मुद्दाम कमी ठेवायची आपल्याकडची सवय तर घातक आहे. कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतो, त्याच्या बाजूच्या भिंती सतत वाकतात आणि त्या वाकण्यातूनच उष्णता तयार होते. वेग, ओझं आणि तापलेला काँक्रीटचा रस्ता एकत्र आले की टायरचे थर सुटू लागतात.

अमेरिकेने हे फार मोठी किंमत मोजून शिकलं. फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांना लावलेल्या फायरस्टोन टायरांचा वरचा थर भर वेगात सोलून निघत होता आणि गाड्या उलटत होत्या. ऑगस्ट 2000 मध्ये सुमारे 65 लाख टायर परत मागवले गेले. तिथल्या रस्ते सुरक्षा यंत्रणेने 271 मृत्यूंची नोंद केली. टायरच्या घडणीत दोष होताच. शिवाय फोर्डने या गाडीसाठी 26 पीएसआय हवा सांगितली होती आणि फायरस्टोनचं म्हणणं 30 ठेवा असं होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कायदा झाला आणि सप्टेंबर 2007 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीत हा दिवा आला.

दिवा दोन पद्धतींनी चालतो. एकीत प्रत्येक चाकात बॅटरीवर चालणारा सेन्सर असतो आणि तो दाब प्रत्यक्ष मोजतो. दुसरीत ब्रेकच्या एबीएस यंत्रणेचे सेन्सर चाकांचे फेरे मोजतात. हवा गेलेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फिरतं. ही पद्धत स्वस्त, पण सुरुवातीच्या यंत्रणांना चारही चाकांची हवा सारखीच उतरली तर काही कळत नसे. एकाच टायरची खबर देणारी यंत्रणा चालेल असा अमेरिकेतला पहिला नियम होता. नागरिकांच्या संघटनेने तो न्यायालयात नेला आणि 2003 मध्ये तो रद्द झाला. मला ही लढाई फार मोलाची वाटते, कारण हवा बहुधा चारही चाकांतून हळूहळूच कमी होत असते.

मग सुरक्षितता खरंच वाढली का? अमेरिकेतल्या 2012 च्या सरकारी अभ्यासात, प्रत्यक्ष दाब मोजणाऱ्या यंत्रणेमुळे टायरची हवा धोकादायक इतकी कमी असण्याची शक्यता 55.6 टक्क्यांनी घटलेली दिसली. माझ्या मते हा फायदा खरा आहे आणि मोठाही. पण मोजली गेली ती टायरमधली हवा, वाचलेले जीव नव्हेत. शिवाय तिथल्या नियमाप्रमाणे दिवा पेटतो तो हवा 25 टक्के उतरल्यावर. 33 ची हवा 25 च्या खाली गेल्यावर. तोवरचे सात-आठ पीएसआय आपले आपणच बघायचे. गोटा झालेला टायर, आतून कुजलेलं जुनं रबर, खड्ड्यात क्षणात फाटलेली भिंत यांतलं काहीच तो आधी सांगू शकत नाही.

दादाला गाडी वळवायला लावली. हिंगण्याच्या रस्त्यावर पंक्चरवाले काका नुकतेच दुकान उघडत होते. मागचं डावं चाक 23 वर होतं. साबणाचं पाणी ओतताच नक्षीच्या खाचेत बारीक फेस धरला. खिळा तिथेच रुतलेला होता.

आपल्याकडे 2020 पासून हा दिवा आणि दुरुस्तीचा संच असलेल्या ट्यूबलेस टायरच्या मोटारींना स्टेपनीची सक्ती नाही. आमच्या गाडीत ती होती. काकांनी न सांगताच डिकी उघडायला लावली आणि तिच्यावर मीटर टेकवला. तिच्यात सेन्सर नव्हता. काटा 12 वर थांबला.