कुडाची भिंत, काचतंतूंची टाकी

वारली पाड्यांवर कारवीचा कूड उभारून शेणमातीने लिंपतात. काठ्या बळ देतात, माती त्यांना एकत्र धरते. संमिश्र पदार्थांचे तत्त्व हेच.

बोईसर-तारापूरसारख्या रासायनिक वसाहतींत आम्लाने लोखंड खाल्ले जाते. तिथे काचतंतू रेझिनमध्ये बसवून केलेल्या एफआरपीच्या टाक्या उपयोगी पडतात. पण मेख अशी, की लोखंड सर्व दिशांनी जवळपास सारखेच बळकट. संमिश्राचा थर मात्र तंतूंच्या दिशेने भक्कम आणि आडवा कमकुवत. असा थर किती ताणाखाली निकामी होईल, याचा निकष पुढे स्टॅनफर्डला प्राध्यापक झालेले स्टीफन त्साय आणि त्यांचे सहकारी एडवर्ड वू यांनी १९७१ साली मांडला.

थर आतून सुटू लागले, तरी टाकी वरून धडधाकट दिसू शकते. म्हणून बाहेरच्या रंगावर विसंबू नये. आतल्या अस्तराची तपासणी ठरल्या वेळी व्हायलाच हवी. टाकीखाली कामगार उभा असतो.