लहान बोटीसाठी फिशफाइंडर व चार्टप्लॉटर : पैसे पडद्यावर घालावेत की पाण्याखाली?

कोकणच्या खाड्यांमधून हल्ली अठरा-वीस फुटी फायबरच्या बोटी पुष्कळ दिसतात. त्यांतल्या सगळ्याच मासेमारीच्या नसतात. मुंबईत धंदा आणि गावाकडे घर असलेल्या एखाद्या व्यापाऱ्याने सुट्टीत गरवायला जाण्यासाठी ठेवलेली असते, आखातातून परतलेल्या एखाद्याने हौसेने घेतलेली असते. मालवण, दापोलीकडे पर्यटकांना डॉल्फिन दाखवायला किंवा गरी टाकायला नेणाऱ्या बोटीही आहेत. या बोटींचे मालक आणि त्यांची वायरिंग व फायबरचे काम करणारे कारागीर आम्हाला एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात : फिशफाइंडर आणि चार्टप्लॉटर बसवायचा आहे, कोणता घ्यावा?

फुरुनो, गार्मिन, लोरन्स, हमिंगबर्ड, रेमरीन ही नावे बाजारात सर्वांना ठाऊक आहेत. नाव सांगून मोकळे होणे सोपे आहे, पण त्याने ग्राहकाचे पैसे वाचत नाहीत. आधी आपले पाणी कोणते, ते पाहावे. यंत्र त्यानंतर.

दोन्ही यंत्रांचे काम वेगळे आहे. फिशफाइंडर बोटीच्या खाली पाहतो. चार्टप्लॉटर उपग्रहांच्या संकेतांवरून आपण कुठे आहोत ते काढतो आणि सागरी नकाशावर दाखवतो. मासेमारीला खरोखर उपयोगी पडेल असा पहिला फिशफाइंडर जपानमधील नागासाकीच्या फुरुनो बंधूंनी १९४८ साली आणला. तत्त्व आजही तेच आहे. तळाशी बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका पाण्यात सोडतो आणि तळावरून किंवा माशावरून परत आलेला प्रतिध्वनी ऐकतो. समुद्राच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो. ३० मीटर म्हणजे साधारण सोळा वाव पाण्यात ठोका जाऊन येण्यास सेकंदाचा पंचविसावा भाग लागतो. त्या वेळेवरून यंत्र खोली काढते. पडदा फक्त हिशेब दाखवतो. ऐकण्याचे काम ट्रान्सड्यूसर करतो, आणि नेमकी त्याचीच चौकशी ग्राहक शेवटी करतो किंवा करतच नाही.

वॅटचा हिशेब

विक्रेता सर्वांत आधी वॅट सांगतो. खोक्यावर ४००० वॅट छापलेले असते आणि शेजारच्या यंत्रावर ५००. ग्राहकाला पहिले यंत्र आठपट जोरदार वाटते. प्रत्यक्षात दोन्हींचा जोर सारखाच असू शकतो. ‘पीक टू पीक’ म्हणून छापलेला आकडा ‘आरएमएस’ आकड्याच्या आठपट असतो. तेव्हा आरएमएस किती, एवढेच विचारावे. आपल्याकडे किनाऱ्यापासून दहा-पंधरा किलोमीटर आत गेले तरी पाणी वीस-तीस मीटरचे असते, कारण भारताच्या पश्चिम किनाऱ्याचा उथळ तळ आत दूरवर पसरलेला आहे. त्या पाण्याला २०० ते ३०० वॅट आरएमएस पुरते. विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटरवरच्या आंग्रे बँकेच्या गोष्टी ऐकून हजार वॅटचे यंत्र घेणारे आम्ही पाहिले आहेत. त्यांची बोट खाडीच्या तोंडापासून पाच मैलांपलीकडे कधी गेलेली नसते.

फ्रिक्वेन्सीचेही तसेच. ५० किलोहर्ट्झचा आवाज खोल जातो, पण चित्र ढोबळ देतो. २०० किलोहर्ट्झचा आवाज कमी खोल जातो, मात्र उथळ पाण्यात बारकावे दाखवतो. आपल्याला दुसरा हवा. आजची बरीच यंत्रे ‘चर्प’ पद्धतीची असतात, म्हणजे एका सुराऐवजी खालपासून वरपर्यंत सुरांचा पट्टा सोडतात. त्यामुळे तळाला चिकटून असलेला मासा तळापासून वेगळा दिसतो. या सोयीसाठी दोन पैसे जास्त द्यायला हरकत नाही. ‘डाउन इमेजिंग’ खडपाचे आणि बुडालेल्या लाकडाचे चित्र छायाचित्रासारखे दाखवते. तांबोशी आणि हेकरू खडपाच्या आधाराने राहतात, तेव्हा त्यांच्या मागे असणाऱ्याला त्याचा उपयोग आहे. ‘साइड इमेजिंग’ हौशी माणसाने पहिल्या खरेदीत सोडून द्यावे.

आवाज शंकूसारखा पसरतो. २० अंशांचा शंकू असेल तर तळावर त्याचा व्यास खोलीच्या सुमारे एक तृतीयांश होतो. ३० मीटर पाण्यात दहा मीटरचे वर्तुळ दिसते, तर तीन मीटर पाण्यात जेमतेम एक मीटरचे. म्हणजे उथळ खाडीत फिशफाइंडर मासे दाखवील ही अपेक्षाच चुकीची आहे. तिथे तो खोली सांगतो, आणि ते काम अधिक मोलाचे आहे.

पडद्यावर माशांची चित्रे दाखवण्याची सोय असते. ती बंद ठेवावी. तो यंत्राचा अंदाज असतो. पाण्यातला बुडबुडा, प्लास्टिकची पिशवी, गढूळ पाण्याचा थर, सगळ्यांचा मासा होतो. मूळ प्रतिध्वनी वाचायला दोन-चार फेऱ्यांत येते. चालत्या बोटीखालून मासा गेला की कमान उमटते, कारण तो आधी लांब, मग जवळ, मग पुन्हा लांब असतो. थांबलेल्या बोटीखाली तोच मासा सरळ रेघ होतो. कठीण तळाची रेघ ठळक येते आणि बहुधा दुप्पट खोलीवर तिची दुसरी छाया दिसते. चिखलाची रेघ फिकट येते.

मासळीच्या व्यापाऱ्यांना एक गोष्ट लगेच पटेल. माशाच्या मांसापेक्षा त्याच्या पोटातली हवेची पिशवी आवाज जास्त परतवते. घोळीच्या ज्या भोतासाठी बाजारात एवढा भाव निघतो, तेच भोत पडद्यावर घोळीला ठळक दाखवते. सुरमईला ही पिशवी नसते, म्हणून मोठी सुरमईही फिकी दिसते. पडदा कोरा दिसतो म्हणून सुरमईची जागा सोडून जाऊ नये.

बसवण्याचे काम

इथे कारागिरांची परीक्षा आहे. महागडे यंत्र वाईट बसवले, तर स्वस्त पण नीट बसवलेल्या यंत्रापुढे ते आंधळे ठरते. हवा हा ट्रान्सड्यूसरचा शत्रू. त्याच्या तोंडाशी बुडबुडे आले की चित्र गेले. मागच्या फळीवर बसवायचा असेल तर पंख्यापासून हातभर दूर, आणि पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर उजव्या बाजूस बसवावा, कारण त्या बाजूला पाती खाली जातात आणि पाणी शांत राहते. त्याच्या पुढे तळावर कड, खिळा किंवा पट्टी नसावी. त्याचे तोंड तळाच्या पातळीपेक्षा थोडे खाली राहावे.

फायबर एकसंध असेल तर ट्रान्सड्यूसर आतून एपॉक्सीने चिकटवता येतो आणि तळाला भोक पडत नाही. थोडी शक्ती कमी होते, पण आपल्या खोलीला चालते. मात्र तळात फोम किंवा लाकूड भरलेले असेल तर आवाज बाहेर जाणारच नाही. ‘डाउन इमेजिंग’ही आतून चालत नाही. चिकटवण्यापूर्वी पाण्याने भरलेली पातळ पिशवी तळावर ठेवून तिच्यावर ट्रान्सड्यूसर दाबून पाहावा. बोट पाण्यात असताना खोली बरोबर दिसली तर जागा योग्य. मग एपॉक्सीत एकही बुडबुडा राहू देऊ नये. लाकडी बोटीच्या तळातून आरपार बसवायचा असेल तर काशाचा घ्यावा. लाकूड पाण्याने फुगते आणि प्लास्टिकचा दांडा तडकतो.

वीज बारा व्होल्ट. सात इंची यंत्राला साधारण एक-दीड अँपिअर लागतो, मोठी गोष्ट नाही. परंतु इंजिन सुरू करण्याच्या बॅटरीवरच ते जोडले तर स्टार्टर फिरताना व्होल्टेज पडते आणि यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होते. वेगळी छोटी बॅटरी ठेवावी, फ्यूज बॅटरीजवळच घालावा आणि कल्हई केलेली तांब्याची तार वापरावी. साधी तार खाऱ्या हवेत आतून काळी पडते आणि बाहेरून काही कळत नाही. तार पिळून वर टेप गुंडाळलेला सांधा एक पावसाळाही काढत नाही. ट्रान्सड्यूसरची केबल लांब आहे म्हणून कापून आखूड करू नये, गुंडाळून बांधावी. त्याला ॲसिटोन लावून पुसू नये, प्लास्टिक खराब होते.

पडद्याबद्दल थोडक्यात. पाच इंचांत नकाशा आणि खोली शेजारी शेजारी मांडली तर काहीच वाचता येत नाही. सात इंच पुरेसा, नऊ असला तर उत्तम. दुकानातल्या दिव्याखाली पाहू नये, दुपारच्या उन्हात बाहेर नेऊन पाहावा. डोळ्यांवर पोलराइज्ड चष्मा असेल तर तो लावूनच पाहावा, कारण काही पडदे त्यातून काळे दिसतात. ओल्या हाताने बटणे चालतात, टच कधी चालतो कधी नाही.

नकाशा आणि खाडीचे तोंड

आता चार्टप्लॉटर. २ मे २००० रोजी अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतातील मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली. तेव्हापासून शंभर मीटरचा फरक दहा मीटरच्या आत आला. त्यामुळे लोकांचा विश्वास इतका वाढला की यंत्राला आपली जागा माहीत आहे, म्हणजे नकाशाही खरा आहे असे समजले जाते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समुद्राचे अधिकृत नकाशे डेहराडूनचे राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय काढते. खाजगी कंपन्यांची कार्डेही बरीचशी अशा अधिकृत सर्वेक्षणांवर आधारलेली असतात. मोठ्या बंदरांची मोजणी तपशिलाने होते, लहान खाड्यांच्या वाट्याला ती कमी येते. आणि खाडीच्या तोंडावरचा वाळूचा दांडा दर पावसाळ्यात सरकतो. मालवणजवळ देवबागला कर्ली खाडीच्या तोंडाशी वाळू कशी जागा बदलते, ते तिथल्या नाखव्यांना विचारावे. गेल्या हंगामात जिथून बोट सुखरूप आली, तिथे यंदा कमरेएवढे पाणी असू शकते. पडद्यावर मात्र निळा रंग तसाच राहतो.

नकाशावरची खोली अगदी खालच्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. मुंबईला उधाणाची भरती पाच मीटरपर्यंत चढते, दक्षिण कोकणात आणि गोव्यात त्याच्या निम्मी. फिशफाइंडर मात्र या क्षणाची खोली सांगतो, तीही ट्रान्सड्यूसरपासून खाली. आऊटबोर्डचा पंखा ट्रान्सड्यूसरच्या फूटभर खाली लोंबत असतो. यंत्रात तेवढी वजावट भरून ठेवावी, नाहीतर पडद्यावर पाणी शिल्लक असताना पंखा वाळूत जाईल. ‘उथळ पाणी’ हा इशाराही लावावा, पण त्याच्या भरवशावर वेगाने येऊ नये. ताशी २० किलोमीटरने बोट सेकंदाला साडेपाच मीटर जाते आणि यंत्र पुढचे नव्हे, खालचे सांगते. इशारा वाजेपर्यंत नाळ दांड्यावर चढलेली असते.

म्हणून आमचा आग्रह असा की प्लॉटरमध्ये आपला स्वतःचा मार्ग असावा. हंगामाच्या सुरुवातीला, दिवसाउजेडी, निम्मी भरती चढलेली असताना, गावच्या जाणत्या तांडेलाला सोबत घेऊन हळूहळू तोंडातून बाहेर जावे आणि तो माग यंत्रात साठवावा. संध्याकाळी परत येताना त्याच रेघेवरून, एक डोळा खोलीवर ठेवून यावे. पर्यटकांना नेणाऱ्यांनी तर हे टाळूच नये, कारण त्यांच्या बोटीत दुसऱ्यांची मुले बसलेली असतात. दोन यंत्रे एका डब्यात घेण्याचा खरा फायदा हाच आहे.

जागांचे आकडे एकमेकांना देताना घोटाळे होतात. कुणी अंश, मिनिटे आणि मिनिटांचे दशांश वापरतो, कुणी अंश, मिनिटे, सेकंद. १७ अंश ३०.५० मिनिटे आणि १७ अंश ३० मिनिटे ५० सेकंद ऐकायला सारखे वाटतात, पण त्यांच्यात सहाशे मीटरहून अधिक अंतर पडते. एवढ्यात खडप चुकते किंवा अंगावर येते. चांगल्या जागा वहीतही लिहून ठेवाव्यात आणि कोणत्या पद्धतीने लिहिल्या तेही लिहावे.

आखातातून यंत्र आणणाऱ्यांनी तीन गोष्टी पाहाव्यात. आतला नकाशा भारताच्या किनाऱ्याचा आहे का? कोणते कार्ड त्यात चालते? हमी इथे मिळते का? नेव्हिऑनिक्स ही नकाशांची कंपनी २०१७ साली गार्मिनने घेतली. अशा व्यवहारांमुळे कुठले कार्ड कुठे चालेल हे बदलत राहते, जुन्या माहितीवर जाऊ नये. आणखी एक. साधा प्लॉटर फक्त संकेत घेतो. उपग्रहामार्फत संदेश पाठवणारे हातातले यंत्र दूरसंचार खात्याच्या परवानगीशिवाय भारतात आणणे बेकायदा आहे. अशी यंत्रे सामानात सापडून विमानतळावर लोक अडकलेले आहेत.

यापैकी कोणतेही यंत्र मदतीला हाक मारत नाही. त्यासाठी व्हीएचएफ आणि किनाऱ्याजवळ असताना मोबाइल हवा. तटरक्षक दलाचा क्रमांक १५५४ पडद्याच्या चौकटीवर रंगाने लिहून ठेवावा. बसवण्याचे काम पावसाळ्यात बोटी शाकारलेल्या असतानाच कारागिराकडे द्यावे. दर्या उघडला की त्यांच्याकडे रांग लागते आणि घाईत चिकटवलेल्या एपॉक्सीत बुडबुडे राहतात.