मुठीत मावणारी कात्री

उजव्या हाताची मूठ घट्ट आवळा आणि डाव्या हाताने कोपराखालचा भाग चाचपा. हालचाल तिथे जाणवते! बोटं मिटवणारे मोठे स्नायू तळहातात नसतातच, ते कोपर आणि मनगट यांच्यामध्ये असतात. त्यांच्या कंडरा मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातात आणि कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांसारख्या बोटांना ओढतात.

आता मनगट आत दुमडून मूठ आवळा. जोरच लागत नाही. आधीच आखडलेल्या स्नायूला आणखी आखडायला जागाच नसते.

मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये गुलाबाची काढणी करणाऱ्या बाईला लांब दांडा हवा असतो, म्हणून कात्री झाडात खोल घालावी लागते आणि मनगट वळतंच. त्यात बायकांच्या पकडीची ताकद सरासरी पुरुषांच्या सुमारे ६० टक्के. कात्री मात्र बहुतेक वेळा मोठ्या पंजाच्या मापाची. तिच्या मुठी जास्त फाकल्या तर बोटांची फक्त टोकं पोचतात आणि जोर निसटतो. स्प्रिंगचंही तसंच. ती कात्री आपोआप उघडते खरी, पण ते श्रम फुकट मिळत नाहीत. प्रत्येक कापाला स्प्रिंग दाबायची ताकद त्याच हाताने आधी मोजलेली असते. स्प्रिंग ताठ असेल तर दांड्याइतकीच तीही दमवते.

उपाय किती साधे आणि किती सुंदर! पातं थोडं तिरकं बसवलं की मनगट सरळ राहतं: वाकायचं काम लोखंड करतं. १९४५ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या फेल्को कंपनीच्या एका कात्रीत खालची मूठ बोटांबरोबर स्वतःभोवती फिरते, त्यामुळे कातडी घासत नाही, फोड येत नाहीत. लहान हातांसाठी त्यांचं वेगळं मॉडेलही आहे. आपल्याकडे भुवनेश्वरला १९९६पासून शेतकरी महिलांसाठीची केंद्रीय संशोधन संस्था आहे. बाईच्या हाताचं माप हा तिथे अभ्यासाचा विषय आहे, आणि तो असायलाच हवा.

चप्पल आपण पायात घालून बघितल्याशिवाय घेत नाही. कात्री घ्यायला जाल तेव्हा ती जिच्या हातात दिवसभर राहणार आहे तिला सोबत न्या, आणि दुकानातच दहा वेळा उघडझाप करून बघू द्या.